मामांना जमत नाही म्हणे!

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी पुन्हा एक 'विनोदी' व्हिडिओ टाकला. एक आजोबा टीव्हीच्या रिमोटने फोन लावायचा प्रयत्न करतायत आणि मागे नातवंडं खिदळतायत. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि मग ते वाक्य आलंच, "आपल्या मामांचा प्लेअर आठवला!"

माझं डोकंच फिरलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून तिथे काही लिहिलं नाही. पण इथे लिहिणार आहे, कारण हा ब्लॉग माझा आहे आणि ग्रुपमधले निम्मे लोक तो गुपचूप वाचतात. तर मंडळी, रागवायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. माझे मामा खामगावला राहतात. वय ७८. सगळी नोकरी एसटीत मेकॅनिक म्हणून झाली. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. मामी असताना संध्याकाळी दिवा लागला की त्या गजानन विजय ग्रंथाचा एक अध्याय मोठ्याने वाचायच्या आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. एकवीस अध्याय, एकवीस संध्याकाळी, की पुन्हा पहिल्यापासून. शेगाव तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या भागात हे नवल नाही. घरोघर चालतं. मामी गेल्यावर मामा स्वतः वाचायला लागले. मग डाव्या डोळ्याचा पडदा गेला आणि उजव्यालाही बारीक अक्षर दिसेना. पोथी कपाटात गेली.

म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माझ्या मामेभावाने पुण्याहून एक छोटा डिजिटल म्युझिक प्लेअर नेला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्यात पोथीचे सगळे अध्याय आणि शिवाय चारशे गाणी. भाऊबीजेच्या दिवशी जेवणं झाल्यावर पाच मिनिटांत 'शिकवून' झालं आणि संध्याकाळच्या गाडीने मंडळी परत गेली. महिनाभराने फोनवर विचारलं तर मामा म्हणाले, "ठेवला आहे." संपलं! 'बाबांना जमत नाही' असं जाहीर झालं, आणि तो प्लेअर आमच्या घराण्यातला कायमचा विनोद झाला.

मीही हसले होते. हे आधीच कबूल करते. इतकंच काय, ह्याच ब्लॉगवर मी माझ्या आईच्या पहिल्या मोबाईलवर एक खुसखुशीत पोस्ट लिहिली होती. भरपूर प्रतिक्रिया आल्या, "आमच्याकडेही सेम!" वगैरे. आईने ती पोस्ट कुणाकडून तरी वाचून घेतली होती, हे मला फार नंतर कळलं. ती काही बोलली नाही. फक्त त्यानंतर मोबाईलमधलं काहीही मला विचारायचं तिने बंद केलं.

असो. तर गेल्या उन्हाळ्यात मी शेगावला दर्शनाला गेले होते, तिथून एसटीने खामगावला मामांकडे. दुपारी कैरीचं पन्हं पिता पिता सहज विचारलं, "मामा, तो प्लेअर कुठे आहे हो?" मामांनी उठून कपाटातून काढून दिला. रुमालात नीट गुंडाळलेला, वर रबर लावलेलं. बिघडलेली वस्तू कुणी इतकी जपून ठेवत नाही.

"काय झालं मामा? चालत नाही का?"

"चालते ना. पन चुकीचा हाय तो."

"चुकीचा म्हणजे?"

"आता पाय वं. पहिला अध्याय बरोबर लागते. तो झाला की धाडकन धाव्वा. मंग अकरावा, बारावा. एकोनिसाव्यात महाराज समाधी घेतेत, अन् त्याच्यामांगं दुसऱ्या अध्यायात बंकटलालाच्या घरी येतेत. असं कुठी असते काय? मी म्हनलं, चुकीची पोथी आयकाव कशाले?"

मी दोन मिनिटं गप्पच बसले.

ज्यांना ह्यातली गोम कळली नसेल त्यांच्यासाठी सांगते. फाईलींची नावं होती 'अध्याय १', 'अध्याय २' अशी, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. आपण माणसं त्या आकड्याला संख्या म्हणून वाचतो. साधा, स्वस्त प्लेअर तसं वाचत नाही. तो शब्दकोशासारखा एकेक अक्षर बघत जातो. त्याच्या हिशेबात '१' ने सुरू होणारी सगळी नावं आधी आणि '२' ने सुरू होणारी नंतर. म्हणून क्रम लागतो तो असा: १, १०, ११ पासून १९ पर्यंत, मग २, मग २०, २१, आणि त्यानंतर ३. दुसऱ्या अध्यायाच्या आधी एकोणिसावा! काही प्लेअर तर नावाकडेही बघत नाहीत, फाईली ज्या क्रमाने आत टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात.

आता गंमत बघा. हे मी मामेभावाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "शक्यच नाही, मी लॅपटॉपवर बघितलं होतं, क्रम बरोबर होता." तो खोटं बोलत नव्हता. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, संगणकाच्या खिडकीत असे आकडे संख्या समजूनच लावले जातात. लॅपटॉपवर क्रम बरोबरच दिसणार. प्लेअरवर तो चुकणार. आणि प्लेअरवर शेवटपर्यंत कोण ऐकत बसलं होतं? मामा. आमच्यापैकी एकानेही तो पहिल्या अध्यायाच्या पुढे ऐकला नव्हता.

म्हणजे ज्या माणसाला 'जमत नाही' म्हणून आम्ही दोन वर्षं हसलो, त्या माणसाने यंत्र चालू केलं होतं, आवाज लावला होता, पूर्ण ऐकलं होतं, चूक नेमकी कुठे आहे ती शोधली होती आणि ती चूक सहन करायला नकार दिला होता. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ह्याच कामाचे पगार देतात. माझा मामेभाऊ तोच पगार घेतो :-)

"मामा, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगतलं होतं. तो म्हने, बाबा तुमी काई तरी दाबलं असन."

ह्या एका वाक्यासाठी मी ही सगळी पोस्ट लिहितेय.

'तुम्ही काहीतरी दाबलं असेल.' आपण सगळे हे म्हणतो. यंत्राचं काही चुकलं की आपला पहिला संशय म्हाताऱ्या माणसाच्या बोटावर. आणि हा संशय कुणावर? मामा इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. मला म्हणाले, "सहा सिलिंडरचं इंजिन १-५-३-६-२-४ असंच फायर होते, ते समजते मले. त्याले कारन हाय. पोथीले काय कारन?" ह्या माणसाने तरुणपणी शॉर्ट वेव्हवर खरखरीतून रेडिओ सिलोन पकडून बिनाका गीतमाला ऐकली आहे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, ती ट्रान्झिस्टरवर लावली. कॅसेटची गुंतलेली टेप पेन्सिलने गुंडाळली. मग सीडी आली, ती शिकले. आणि आता पाच बटणांच्या डबीपुढे अचानक त्यांची बुद्धी संपली? आपल्याला स्वतःलाच हे पटतं का?

बुद्धी तिथेच असते. शिकवणारे वाईट असतात. आपण कसं शिकवतो ते आठवा. वस्तू त्यांच्या हातात देतो आणि दुसऱ्याच क्षणी "थांबा, दाखवतो" म्हणून काढून घेतो. आपलं बोट सरसर फिरतं. "हे असं, मग हे असं, की झालं. एकदम सोप्पं आहे!" सोप्पं आहे म्हटलं की समोरच्याला विचारायची सोयच उरत नाही, कारण सोपी गोष्ट विचारणारा मूर्ख ठरतो. मग त्यांनी भीत भीत एक बटण दाबलं की आपण ओरडतो, "अहो ते नका दाबू!" आणि वर महिन्याभराने म्हणतो, हे लोक हातच लावायला घाबरतात. घाबरणार नाहीत तर काय करतील?

दुसरी गोष्ट गाण्यांची. त्या प्लेअरमध्ये चारशे गाणी होती, सगळी भावाच्या आवडीची, वर "जुनी गाणी टाकलीयत बाबा". मी मामांना विचारलं, तुम्हाला कोणतं हवं होतं? हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मामा जरा लाजले आणि म्हणाले, "ते शीळ भेटन काय?" शीळ म्हणजे मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातले कवी, पुढे १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले. ही कविता गोविंदराव जोशी ऊर्फ जी. एन. जोशींनी १९३० च्या दशकात गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून झाली असं मानणारे पुष्कळ आहेत. मामांचे वडील ती गुणगुणायचे. चारशे गाण्यांत ती नव्हती. घाटावरच्या कवीचं गाणं घाटाखालच्या माणसापर्यंत पोचायला मला नेटवर दहा मिनिटं लागली. दोन वर्षांत कुणालाच ती मिळाली नव्हती.

ह्या बाबतीत आपल्यापेक्षा गावातला मोबाईलवाला पोरगा बरा. छोट्या गावात दुकानांतून मेमरी कार्डात गाणी भरून देतात, 'चिप भरून देतो' म्हणतात ते. तो पोरगा गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न काय विचारतो? "काका, कोणते टाकू?" शिक्षण बेताचंच असेल त्याचं, पण प्रश्न बरोबर विचारतो. आणि काका सांगतात तशी यादी करून घेतो.

आता तुमच्या प्रतिक्रिया मला आत्ताच ऐकू येतायत. "हल्ली कोण वापरतं प्लेअर? स्मार्टफोन द्या, त्यात सगळं आहे." खरंय, आयपॉडसुद्धा २००१ साली आला आणि २०२२ साली अॅपलने तो बंद केला. पण तुम्ही फोनवर पोथी लावून बघा. अध्यायाच्या मधोमध जाहिरात. ती 'वगळा' म्हणायचं बटण कोपऱ्यात, बारीक. मग कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा टिंग. मग कर्ज हवंय का विचारणारा फोन. ज्याला नीट दिसत नाही त्याला काचेच्या सपाट पडद्यावर बटण कुठे सापडणार? प्लेअरचं बटण बोटाला लागतं. जे काम एकच आहे त्याला एकच काम करणारी वस्तू हवी, हे मेकॅनिकला सांगावं लागत नाही. २०१७ साली सारेगामाचा कारवां आला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, पाच हजार गाणी आधीच भरलेला, आणि लोकांनी आईवडिलांना भेट द्यायला तो भराभर घेतला. फिरवायचं बटण फिरवलं की गाणं. म्हाताऱ्या माणसांना ऐकायचं असतं आणि सोय नीट असेल तर ती ऐकतात, हे तिथेच सिद्ध झालं नाही का?

"पण आम्हाला वेळ कुठे आहे?" सांगते किती वेळ लागला. तीन संध्याकाळी, रोज वीस मिनिटं. पहिल्या दिवशी फाईलींची नावं बदलली: ०१, ०२, ०३... आधी शून्य लावलं की अक्षराने लावा नाहीतर आकड्याने, क्रम तोच येतो. मग कार्ड पुसून त्या एकामागून एक पुन्हा टाकल्या. पोथी एका फोल्डरमध्ये, गाणी दुसऱ्यात. गाण्यांमधून मामांना नको ती काढली. तीनशे साठ गेली!

त्यानंतर मी एकच नियम केला. प्लेअरला माझा हात लागणार नाही. मी खरंच हातावर बसले होते. मधल्या बटणावर वहिनीच्या पाकिटातली एक जाड टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला कळावं. तेवढंच काम माझ्या हाताचं. पहिल्या संध्याकाळी फक्त टिकली: दाबलं की चालू, दाबलं की थांबतं. वीसदा. दुसऱ्या दिवशी आवाजाची दोन बटणं आणि बाजूची खटकी. ही खटकी सरकली की सगळी बटणं बंद होतात आणि माणसाला वाटतं यंत्र मेलं. खिशात ठेवताना ती आपोआप सरकते. मामांचा प्लेअर दोनदा असाच 'मेला' होता, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी पुढे-मागे जाणं आणि चार्जिंग.

मध्ये मध्ये चुकलं ना! एकदा सगळं उलटसुलट वाजायला लागलं, कारण बटण दाबून धरल्याने क्रम मोडायची सोय सुरू झाली होती. माझे हात शिवशिवत होते. पण मी नुसतं विचारलं, "मामा, आता काय केलंत ते परत करून बघा." त्यांनी केलं, आणि स्वतःच बाहेर आले. मग मुद्दाम चार वेळा बिघडवून चार वेळा दुरुस्त केलं. मेकॅनिकला एकदा बिघाड समजला की तो यंत्राला भीत नाही.

कानाचंही एक सांगून ठेवते. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे शब्दांतली काही व्यंजनं ऐकू येत नाहीत. आपण म्हणतो आवाज वाढवा. वाढवून शब्द स्पष्ट होत नाही, नुसता मोठा होतो. आणि ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, ती म्हाताऱ्या कानांनाही लागूच. मामांना कानात खुपसायच्या बोंड्या आवडत नव्हत्या. कानावर बसणारे जुन्या पद्धतीचे हेडफोन आणले, आवाज दोन घरं कमी करून सगळं ऐकू यायला लागलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे. काही लोकांना खरंच नको असतं. माझी एक आत्या म्हणते, "मला शांत बसायला आवडतं, कानात काही घालू नका." तिला ते हक्काने म्हणू द्यावं आणि भेटवस्तू परत न्यावी. 'नको' हेही उत्तर आहे. पण 'नको' आणि 'जमत नाही' ह्यातला फरक विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपण विचारत नाही. 'जमत नाही' म्हणणं आपल्या सोयीचं आहे. त्याने आपली जबाबदारी संपते आणि वर एक किस्सा मिळतो.

तर माझ्या ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, आईबाबांच्या फजितीचे किस्से लिहिणं आता थांबवू या का? मी माझी ती जुनी पोस्ट काल काढून टाकली. काढण्याआधी आईला फोन केला होता. ती म्हणाली, "राहू दे गं, चांगली लिहिली होतीस." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या मोबाईलमधे फोटो कसे पुसायचे ते मात्र सांग." तीन वर्षं तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं. तिचा फोन भरून बंद पडायला आला होता.

आणि माझ्या प्रिय मामेभावा, तू वाचतोयस हे मला माहीत आहे. तू प्लेअर प्रेमाने नेलास हेही माहीत आहे. ह्या दिवाळीला खामगावला जाशील तेव्हा मामांना एवढंच म्हण, "बाबा, तुमचं बरोबर होतं, क्रम चुकीचाच होता." बाकी काही नको.

मामांचा काल फोन होता. एकविसावा अध्याय झाला, पुन्हा पहिला लावलाय म्हणाले.

तुमच्या घरात असा रुमालात गुंडाळलेला काही आहे का? कपाट उघडून बघा, आणि काय चुकलं होतं ते त्यांनाच विचारा. उत्तर आलं की इथे जरूर लिहा.

ता.क. : शीळ मामांनी आता पहिल्या नंबरवर ठेवायला लावलं आहे. फाईलचं नाव अर्थातच '०१'.